बारा ओळींतला कलावंत

माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासून हा लेख सुरू करावा लागत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात अण्णा भाऊ साठे जयंतीच्या निमित्ताने स्मरणिका काढण्याचे ठरले. परिसरातील लोककलावंतांचे अल्पपरिचय तीत असावेत, अशी कार्यकर्त्यांची इच्छा होती. मी मराठीचा शिक्षक. तेव्हा हे काम माझ्याकडे ओघानेच आले. प्रत्येक कलावंताला छायाचित्रासह बारा ओळी द्यावयाच्या होत्या. त्यांत एक वृद्ध ढोलकीवादक होते. हयातीची तीसेक वर्षे त्यांनी तमाशाच्या फडांत काढलेली. मी त्यांच्या घरी अर्धा तास बसलो, चहा घेतला आणि परत येऊन बारा ओळी लिहून टाकल्या. ‘अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत जन्म’, ‘उपजत तालाचे अंग’, ‘कलेची निस्सीम सेवा’, ‘समाजाकडून उपेक्षा’ असे सगळे त्यांत होते. स्मरणिका निघाली. नातीने त्यांना परिचय वाचून दाखवला. पुढे एकदा एस.टी. स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, “मास्तर, समदं चांगलं लिवलंय. पर ह्यात ढोलकी कुठं हाय? आन् माझा वस्ताद कुठं ग्येला?”

मी निरुत्तर झालो. त्यांच्या वस्तादाचे नाव मी विचारलेच नव्हते. ढोलकी त्यांच्या खोलीत खुंटीला टांगलेली होती. तिच्याबद्दलही एक प्रश्न मी विचारला नव्हता. तरीही मला बारा ओळी लिहिता आल्या. कशा? त्या माझ्याजवळ आधीच तयार होत्या. माणूस भेटण्यापूर्वीच त्याचा परिचय माझ्या डोक्यात छापून झाला होता, मी फक्त गावाचे आणि माणसाचे नाव भरले.

हा तयार साचा आला कोठून, तो काय दाखवतो आणि काय झाकतो, याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. मोठ्या चरित्रग्रंथांविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली आहे. स्मरणिका, गौरवांक, मानपत्र, पाठ्यपुस्तकातील लेखक-परिचय, कार्यक्रमाच्या सुरुवातीचे निवेदन, यांतील आठ-दहा ओळींच्या परिचयाकडे मात्र समीक्षेने कधी गंभीरपणे पाहिले नाही. वास्तविक बहुसंख्य लोककलावंतांच्या वाट्याला आयुष्यात एवढाच मजकूर येतो. ज्याच्यावर कोणी ग्रंथ लिहिणार नाही, त्याचा इतिहास म्हणजे त्या बारा ओळी.

साच्याचे चार टप्पे आहेत. पहिला, गरिबी. दुसरा, उपजत देणगी. तिसरा, कोणा मोठ्या माणसाची नजर पडणे व सन्मान. चौथा, उपेक्षेत अखेर. वरवर पाहता यात सहानुभूती आहे. पण बारकाईने पाहिले तर प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गिळले गेले आहे असे दिसते.

‘गरिबी’ या शब्दाने जात गिळली जाते. गरीब तर भिक्षुकाचे घरही असू शकते. पण मांगाच्या घरात हलगी असते आणि तुटपुंज्या बलुत्यावर गावाच्या लग्नाला, मिरवणुकीला, मयताला ती वाजवावी लागते, ही गोष्ट केवळ ‘गरिबी’ या शब्दात मावत नाही. तेथे वाद्य ही आवड नसते. ते गावाने लादलेले काम असते. त्या लादलेल्या कामातून एखादा माणूस कला उभी करतो, तेव्हा त्याने नेमके काय केले हे समजण्यासाठी आधी ते काम सांगितले पाहिजे.

‘उपजत’ या शब्दाने शिक्षण गिळले जाते. ख्यालगायकाचा परिचय आपण कसा लिहितो ते पाहावे. घराणे कोणते, गुरू कोण, गंडा केव्हा बांधला, किती वर्षे तालीम झाली, हे पहिल्या तीन ओळींत येते. तमाशातल्या गायिकेचा गळा मात्र ‘उपजत’ असतो, ढोलकीवाल्याचा ताल ‘रक्तात’ असतो. एकाची विद्या आणि दुसऱ्याचे रक्त! कलेच्या क्षेत्रातील ही वर्णव्यवस्था आहे, आणि ती कोणत्याही धर्मग्रंथाशिवाय, केवळ विशेषणांच्या आधारे चालते. रक्तातच आहे म्हटले की शिकवणाऱ्याची गरज उरत नाही, शिकण्यातल्या कष्टांची किंमत उरत नाही आणि कलावंत हा विचार करणारा माणूसही उरत नाही.

अण्णा भाऊ साठ्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला जन्म, १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत मृत्यू. मधल्या एकोणपन्नास वर्षांपैकी बहुतेक परिचयांना सर्वांत प्रिय असतात ते दीड दिवस, शाळेचे. ‘दीड दिवसाची शाळा शिकलेला माणूस एवढे साहित्य लिहितो’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेते. मीही ते वर्गात कितीदा म्हटले आहे. पण त्या वाक्याचा परिणाम काय होतो? अण्णा भाऊ चमत्कार ठरतात आणि चमत्काराला कारणे शोधावी लागत नाहीत. मांगाचे पोर शाळेत टिकू शकले नाही, हे त्या शाळेचे चरित्र आहे. अण्णा भाऊंचे चरित्र त्यानंतर सुरू होते. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात त्यांनी वगाची बांधणी आतून पाहिली. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या लढ्यात ते वाढले, वाचायला शिकले, पक्षाच्या कामात राजकारण शिकले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ ही लोकनाट्ये या तालमीतून आली. गणातला गणपती त्यांनी बाजूला केला आणि मायभूमीला व कष्टकऱ्यांना वंदन केले, गवळण गाळली. शेकडो वर्षांच्या घडणीचा एक नाट्यप्रकार कोठे कापावयाचा आणि कोठे जोडावयाचा, हे ज्याला समजते तो माणूस शिकलेला नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? पुढे १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी उद्घाटनाचे भाषण केले; १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल बावटा आणि निळे निशाण यांच्यामधली ही वाट एका माणसाने कशी चालली, हा खरा प्रश्न. बारा ओळींत तो सुटणार नाही, हे मान्य. पण निदान उभा तरी राहिला पाहिजे. ‘दीड दिवस’ तो उभाच राहू देत नाही.

दुसरे उदाहरण विठाबाईंचे. १९३५ मध्ये पंढरपूरला जन्म, भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडाचा वारसा, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव, जानेवारी २००२ मध्ये निधन. त्यांच्या प्रत्येक परिचयात एक प्रसंग असतोच. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. या प्रसंगाखाली परिचयकार लिहितो : ‘अशी कलेवरील निष्ठा!’

मला हे वाक्य खटकते. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री घरी का राहता आले नाही, हा प्रश्न निष्ठेच्या कौतुकात बुडून जातो. तंबूच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांबरोबर संपतो. नारायणगावला राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी देतात. फडमालक सावकाराकडून पैसे उचलतो, कलावंत फडमालकाकडून उचल घेतो. ती नाचून-वाजवून फेडावयाची आणि पावसाळ्यात पुन्हा घ्यावयाची. तंबू उभा राहिला, तिकिटे विकली गेली आणि जिच्या नावावर ती विकली गेली तीच बोर्डावर नाही, असे झाले तर त्या रात्रीची भाकरी जाते; एकटीची नव्हे, सगळ्या फडाची. विठाबाई पुन्हा उभ्या राहिल्या यात धैर्य आहे, कलाही आहे. पण त्यात एका व्यवसायाची निर्दय घडणही आहे. परिचयकाराला ती दिसत नाही, कारण ‘उचल’ हा शब्द त्याच्या शब्दकोशात नाही. ‘निष्ठा’ आहे.

आणखी एक गोष्ट. फडाच्या फलकावर नाव होते ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’. शासनाने २००६ पासून तमाशातील ज्येष्ठ कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या पुरस्काराच्या नावात फक्त ‘विठाबाई नारायणगावकर’ उरले. बापाचे नाव गेले आणि जातही गेली. जात जावी हीच आपली लढाई आहे, हे मला कोणी सांगावयास नको. परंतु जात समाजातून जाणे वेगळे आणि फक्त फलकावरून जाणे वेगळे. ज्या नावाने त्या बाईला गावकुसाबाहेर ठेवले, तेच नाव तिच्या घराण्याने तंबूवर ठळक अक्षरांत रंगवले. यात जो ताठपणा होता, तो आपण नाव सुटसुटीत करताना पुसून टाकला.

तिसरे उदाहरण जोडीचे आहे. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, रेठरे हरणाक्ष. आणि संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा. एक ब्राह्मण, दुसरी महार. बापूरावांचा परिचय कोणीही लिहो, त्यात एक वळण हमखास येते : कलेसाठी त्यांनी कुळावर, प्रतिष्ठेवर पाणी सोडले. पवळेचा परिचय बहुधा स्वतंत्र नसतोच. बापूरावांच्या परिचयातील एका वाक्यात ती येते, तेही तिच्या रूपाविषयीचे वाक्य. एकच तमाशा, एकच बोर्ड. पण बापूरावांचे तेथे येणे हा ‘त्याग’ ठरतो आणि पवळेचे तेथे असणे ही तिची जातच ठरते. लावणी लिहिणारा कवी म्हणून उरला. ती लोकांच्या काळजापर्यंत पोचवणारी फक्त ‘सौंदर्यवती’ म्हणून उरली. तिने लावणीला आवाज दिला, अदा दिली, म्हणजे तिचा अर्थ लावला. या कामाला आपल्या परिचयलेखनात क्रियापदच नाही. शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तमाशातील दलित स्त्रीच्या माणूसपणाचा प्रश्न मध्यभागी आणला आणि पवळेकडे नव्याने पाहावयास लावले. आमच्या स्मरणिकांपर्यंत ते अद्याप पोचावयाचे आहे.

येथवर मी प्रस्थापितांच्या साच्याविषयी बोललो. वाचकांना ते रुचले असेल. आता आपल्या अंगणात येऊ.

आपल्या चळवळीने कलावंतांना मान दिला. जलसे हे आंबेडकरी विचारांचे वाहन होते. तमाशाचा घाट घेऊन त्यात नवा आशय भरण्याचे काम जलसाकारांनी १९३० नंतरच्या काळात गावोगाव केले. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध केले नसते, तर त्या कामाची आठवण पुष्कळशी तोंडीच राहिली असती. म्हणजे जलशाचा इतिहास लिहिण्याचे कामही जलसाकारालाच करावे लागले. तोपर्यंत आम्ही शिकलेली मंडळी काय करीत होतो, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

वामनदादा कर्डक यांचा जन्म सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा, १५ ऑगस्ट १९२२ चा. १५ मे २००४ रोजी ते गेले. एकाने पत्र वाचून मागितले, ते वाचता आले नाही म्हणून हा तरुण रडला आणि मग मुंबईत अक्षरे जुळवीत वाचायला शिकला, ही हकीगत आपण सांगतो आणि ती सांगण्यासारखीच आहे. १९४३ पासून पुढे आयुष्यभर त्यांनी गाणी लिहिली, गायली, वस्त्यावस्त्यांतून फिरले. पण आपल्या परिचयात त्यानंतर काय येते? ‘महाकवी’, ‘हजारो गीते’, ‘भीमाचा वाघ’. विशेषणे वाढतात आणि माहिती थांबते. पेटी कोणाची होती? कोरसला कोण होते? रात्री दोनला कार्यक्रम संपल्यावर हे लोक कोणाच्या घरी जेवत, कोण भाकरी थापत असे? बिदागी किती मिळे? प्रस्थापितांचा साचा आपण मोडला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ‘दैवी देणगी’च्या जागी ‘महा’ हे उपपद बसवून आपण तोच साचा निळ्या रंगात रंगवला.

आणि काही माणसे तर आपण मुद्दामच गाळली. चळवळीत एक आठवण नेहमी सांगितली जाते. महाडच्या लढ्याच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली, तेव्हा आपल्या भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा नको, असे म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली. या नकारामागचा स्वाभिमान मला पूर्णपणे मान्य आहे. पण बाबासाहेबांनी नाकारला तो पैसा आणि तो देणारी व्यवस्था. आम्ही मात्र त्या आठवणीचा आधार घेऊन त्या स्त्रियांनाच नाकारले. जयंतीच्या स्मरणिकेत कवी येतो, गायक येतो, शाहीर येतो. आपल्याच वस्तीतली, फडात आयुष्य काढलेली म्हातारी येत नाही. तिच्या मुलाने नोकरी मिळवली की तोही आईचा उल्लेख टाळतो. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला तसे करावेसे वाटावे अशी हवा आपण निर्माण केली.

याच्या उलट वागण्याचे धैर्य किशोर शांताबाई काळे यांनी दाखवले. १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ आले, त्यावर नावाच्या मध्यभागी आईचे नाव होते. दया पवारांच्या ‘बलुतं’ने १९७८ मध्ये आत्मकथनाचा दरवाजा उघडला आणि पुढे लज्जेच्या म्हणून मानलेल्या कितीतरी गोष्टी मराठीत मान वर करून बोलू लागल्या. आत्मकथनाने जे साधले ते अल्पपरिचयाला का साधू नये? साधते, याचाही पुरावा आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक प्रत्येक कार्यकर्त्याने जवळ ठेवावे. चळवळीतल्या स्त्रियांना त्या दोघी स्वतः जाऊन भेटल्या, त्यांच्याकडून हकीगती ऐकल्या आणि थोड्या पानांत एकेक आयुष्य उभे केले. छोटा परिचय उथळच असावा लागतो असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले. जाऊन बसावे लागते, एवढेच.

विलास घोगरे यांच्याबाबतीत तर साचा उलटा चालतो; परिचय मृत्यूपासून सुरू होतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि १५ जुलैला या शाहिराने स्वतःचे आयुष्य संपवले. हे सांगितलेच पाहिजे. पण आव्हान नाट्य मंचातील त्यांची वर्षे, झोपडपट्टीवासीयांवरील ‘हमारा शहर’ या १९८५ च्या माहितीपटात ऐकू येणारा त्यांचा आवाज, डाव्या चळवळीतून त्यांनी केलेला प्रवास, हे दोन ओळींतही येत नाही. ज्या शाहिराचे मरण तेवढे आपल्याला पाठ आहे, त्याचे गाणे आपण विसरलो आहोत हे कबूल करावे.

कोणी म्हणेल, बारा ओळींचा एवढा बाऊ कशासाठी? त्याचे उत्तर मला त्या ढोलकीवादकांच्या घरीच मिळाले. महाराष्ट्र शासनाची वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे; २०२४ मध्ये हे मानधन सर्व श्रेणींना सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अर्जाला कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात. नातीने आजोबांचा अर्ज भरावयास घेतला. पुरावा म्हणून घरात छापील कागद एकच होता : माझ्या बारा ओळी. तिने त्या माझ्यासमोर ठेवल्या. त्यांत एकही साल नव्हते. एकाही फडाचे नाव नव्हते. वस्ताद नव्हता, गाव नव्हते, हंगाम नव्हता. ‘निस्सीम सेवा’ होती. निस्सीम सेवा कोणत्या रकान्यात भरावयाची?

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा त्यांच्याजवळ बसलो, या खेपेस चार तास. ते सांगत गेले. वयाच्या अकराव्या वर्षी ते वस्तादाची ढोलकी खांद्यावर वाहून नेऊ लागले. पहिली दोन वर्षे तिला हात लावण्याची परवानगी नव्हती, फक्त ऐकावयाचे. मग शाई कशी भरावी, दोरीवरच्या कड्या सरकवून ढोलकी सुरात कशी आणावी, थंडीच्या रात्री तिला शेक कसा द्यावा, हे शिकवले गेले. लावणीला ठेका धरणे सोपे, पण नाचणारीच्या पायाकडे पाहून तिच्या आधी अर्धी मात्रा तिचा विचार ओळखणे अवघड, असे ते म्हणाले. कोणत्या तीन फडांत किती हंगाम, कोणत्या वर्षी किती उचल, ती फेडावयास किती वर्षे लागली, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. बौद्ध झाल्यावर मोठ्या भावाने हलगी सोडली, यांनी ढोलकी सोडली नाही. त्यावरून दोघा भावांत सहा वर्षे बोलणे नव्हते. “त्याचंबी खरं हुतं, मास्तर. आन् माझंबी.” हे वाक्य मी जसेच्या तसे लिहून घेतले. दलित कलावंताच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पेच त्या दोन तुटक वाक्यांत आला होता आणि पहिल्या वेळी मी तो विचारण्याच्या जवळपासही गेलो नव्हतो.

नवा परिचयही बाराच ओळींचा झाला. त्यात ‘हलाखी’ नाही, उचलीची रक्कम आहे. ‘उपजत’ नाही, वस्तादाचे नाव, गाव आणि शिकण्याची वर्षे आहेत. तीन फड आहेत, साले आहेत. भावाशी झालेला अबोला आहे. ‘निस्सीम सेवे’ला जागा उरली नाही.

विद्यार्थी मित्रांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. येत्या जयंतीला आपण पुन्हा स्मरणिका काढू. तेव्हा कलावंताकडे जाताना साचा घरी ठेवावा आणि हे पाच प्रश्न बरोबर न्यावेत. तुम्हाला कोणी शिकवले? त्या कामात नेमके काय करावे लागते? पैसा कोठून येई आणि कोठे जाई? तुमच्याबरोबर कोण होते, विशेषतः कोणत्या बाया? आणि हे काम सोडावे असे कधी वाटले का? पाचव्या प्रश्नानंतर गप्प बसावे. घाईने दुसरा प्रश्न विचारू नये. नावे, गावे, साले वहीत लिहून घ्यावीत आणि छापण्यापूर्वी त्याच माणसाला वाचून दाखवावीत.

मी तसे वाचून दाखवले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, वस्तादाच्या गावाच्या नावात एक अक्षर चुकलंय. ते मी दुरुस्त केले.